अंगठ्याखालचा दिवा

झोप लागते आहे हे मला कळतं आहे. डावा हात टेबलावर आडवा टाकून त्यावर गाल टेकवला आहे. उजव्या हाताशी उघडं मीटर पडलं आहे. पंख्याची घरघर हळूहळू लांब चालली आहे. शुक्रवारची दुपार. आमच्या औद्योगिक वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे शेजारच्या शेडमधला पत्रे ठोकणारा प्रेस बंद आहे आणि मिरजेच्या या टोकाला कुठे चिटपाखरू नाही. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत निळंच दिसतं. सकाळपासून निळ्या ट्यूबखाली बसून आहे मी.

हे मीटर आम्ही बनवतो. जन्मल्यावर कावीळ झालेल्या बाळांना निळ्या उजेडाखाली ठेवतात. तो उजेड पुरेसा आहे की नाही हे मीटर सांगतं. बाळाशेजारी गादीवर ठेवायचं आणि आकडा वाचायचा, एवढंच. आम्ही म्हणजे मी, वृषाली मगदूम, आणि दस्तगीर मुजावर सर. पॉलिटेक्निकमध्ये सरांनी मला शिकवलं. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी माझ्याबरोबर या शेडमध्ये दोन खोल्यांची कार्यशाळा थाटली. सर्किट बोर्डाची आखणी त्यांची, आतला प्रोग्रॅम माझा.

सर गेल्या महिन्यात गेले. मी तेव्हा प्रदर्शनासाठी चेन्नईला होते. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली, दुपारच्या नमाजानंतर दफन झालं आणि मी दुसऱ्या दिवशी पोचले. रेहानाभाभींकडे जाऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला. मी चहा प्यायले आणि घरी आले. रडू आलं नाही. लोक सांगत होते ते कानावर पडत होतं, पण आत उतरत नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता.

आज सकाळी एस्तेर सिस्टरचा फोन आला. एका दवाखान्यात त्या नवजात बाळांचा विभाग सांभाळतात आणि आमचं मीटर वापरतात. एक लहानगी निळ्या उजेडाखाली आहे आणि तिची कावीळ उतरायचं नाव घेत नाही, असं त्या सांगत होत्या. मीटर म्हणतं उजेड भरपूर आहे. डॉक्टर म्हणतात, उजेड भरपूर असून उपयोग होत नाही म्हणजे रोग मोठा आहे. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर तिला कोल्हापूरला हलवून अंगातलं रक्त बदलावं लागेल. सिस्टरनी मला एवढंच विचारलं की मीटर बरोबर आहे ना. मी म्हटलं, तपासून सांगते.

त्याच खेपेतलं एक मीटर उघडून मी तपासत बसले. काळ्या पेटीत ठेवलं तर शून्य. आमच्या कोऱ्या ट्यूबखाली ठेवलं तर आकडा तंतोतंत. पुन्हा अंधार, पुन्हा उजेड. दोन्हीकडे बरोबर. मग थकून हातावर डोकं टेकलं.

"काय करायलीस?"

सर त्यांच्या खुर्चीत बसलेले आहेत.

मी दाराकडे बघते. कडी आतून लावलेली आहे, मीच लावली होती. सरांनी अर्ध्या बाह्यांचा तो राखाडी स्वेटर घातला आहे, चष्मा कपाळावर चढवला आहे आणि ते माझ्याकडे न बघता मीटरकडे बघत आहेत. काळजात धस्स होतं. ते आले म्हणून नाही. ते रोजच्यासारखे आले आहेत म्हणून.

मी सांगते, आकडा बरोबर येतोय पण बाळ बरं होत नाहीये. सर हात पुढे करतात. मी बोर्ड त्यांच्या हातात देते. त्यांची बोटं गार आहेत, पण पावसाळ्यात ती नेहमीच गार असायची.

ते तपासायचं टोकदार प्रोब उचलतात आणि टिकल्यांवर एकेक करून टेकवत जातात. टिकल्या हा त्यांचा शब्द. बोर्डाच्या प्रत्येक भागाशी ते कथिलाची एक गोल उघडी जागा सोडत, दुरुस्त करणाऱ्याला तिथे टोक टेकवून आत काय चाललंय ते कळावं म्हणून. आणि प्रत्येक भागाला एक बारीकसा दिवा. बाकीचे लोक जागा वाचवायला हे सगळं काढून टाकतात. सर वर्गात म्हणायचे, बोर्ड आजारी पडला तर त्याला सांगता आलं पाहिजे कुठे दुखतंय.

"इथं ठीक आहे," ते म्हणतात. "इथंही ठीक आहे. चेन्नईहून कधी आलीस?"

"तुम्ही गेल्यावर."

"मी कुठं गेलो होतो?"

त्यांना माहीत नाही. हे यांना माहीतच नाही.

सर मागे वळतात आणि सुट्या भागांच्या कपाटातला एक खण ओढतात. त्यात रेझिस्टर असायला हवेत. खणात काळी माती आहे, ओलसर, काठोकाठ. सर बोटं घालून चाचपतात, मग दुसरा खण ओढतात. त्यातही माती. ते वैतागतात, पण जरासेच. हे कुणी इथं आणून भरलं म्हणून विचारतात आणि हात स्वेटरला पुसतात. राखाडी लोकरीवर काळे पट्टे उमटतात. मी बघते आणि नजर खाली घालते.

खाली फरशी नाही. पांढऱ्या टाइल्स आहेत, फिनाइलचा वास येतो आहे आणि आमचं टेबल लांबच लांब होत गेलं आहे. त्याच्यावर पाळणे आहेत, एकाला एक लागून, आणि प्रत्येकावर निळा उजेड. सर पहिल्या पाळण्यापाशी थांबतात. आत एक मुलगी झोपली आहे. डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून पांढरी पट्टी बांधलेली. छाती भराभर हलते आहे. निळ्या उजेडात तिचा पिवळेपणा दिसतच नाही, ती नुसती निळी दिसते. सर मीटर तिच्या शेजारी ठेवतात.

आकडा एकोणीस येतो.

"पुरेसा आहे," मी म्हणते.

सर मान वर करून ट्यूबकडे बघतात. त्यांच्याबरोबर मीही बघते. ट्यूबांची दोन्ही टोकं काळी पडली आहेत, काजळी धरल्यासारखी.

"ह्या ट्यूबा म्हाताऱ्या झाल्यात की गं. ह्यांच्यात एवढा दम कुठनं असणार?"

ते मीटर उचलून डोळ्यांशी आडवं धरतात. कपाळावरचा चष्मा खाली घेतात. आमच्या सेन्सरवर दुधी प्लास्टिकची एक चकती बसवलेली असते, उजेड सगळीकडून सारखा पोचावा म्हणून. या खेपेला मीटरची डबी लहान केली, तशी ती चकती शेजारच्या दिव्याच्या डोक्यावरपर्यंत आली. तो दिवाही सरांनीच ठेवलेला. सेन्सरवर उजेड पडला की तो लागतो, म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला एका नजरेत कळावं की सेन्सर जागा आहे. मोहरीएवढा चौकोनी दिवा. निळा.

सर चकतीची कड माझ्याकडे वळवतात.

कड चमकते आहे. गोल, बारीक, निळी, चंद्राची कोर असावी तशी. दिव्याचा उजेड चकतीत शिरून तिच्या आतून पलीकडे, थेट सेन्सरपर्यंत चालला आहे.

कुठलंच बाळ रडत नाही. मला एकदम सगळं समजतं. अंधारात दिवा लागतच नाही, म्हणून शून्य बरोबर. कोऱ्या ट्यूबखाली मीटरचे आकडे जुळवले तेव्हा दिवा चालूच होता, म्हणून तिथेही बरोबर. खोटं निघतं ते फक्त मधे, ट्यूब थकलेली असते तेव्हा. म्हणजे नेमकं जेव्हा मीटरनं ओरडायला हवं, तेव्हा ते स्वतःचाच दिवा मोजून सगळं छान आहे म्हणून सांगतं.

"माझाच दिवा," सर म्हणतात.

ते बसतात. कुठे बसले ते मला दिसत नाही, पण ते खाली झाले आहेत आणि मी उभी आहे. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नाही. चूक सापडली की त्यांना आनंद व्हायचा, वर्गातसुद्धा. आता त्यांचं तोंड उघडंच राहिलं आहे. किती दवाखान्यांत गेली ही खेप, असं ते विचारतात. मी सांगत नाही. 

त्यांना धीर द्यावा म्हणून मी घाईघाईनं बोलायला लागते. म्हणते, बोर्डाला हात लावायला नको, मी प्रोग्रॅममध्ये दिव्याचा उजेड वजा करते. एक ओळ घालायची, झालं.

"वजा करून भागायचं नाही. डाग पडेल, चकती पिवळी होईल, रोज नवीन वजाबाकी. दिवाच हलव तिथनं."

"नाही सर. आखणी आहे तशीच राहू दे."

"का?"

"तुमची शेवटची आहे ती."

बोलून गेल्यावर मला ऐकू येतं मी काय बोलले ते.

"शेवटची?" सर म्हणतात.

पाळणे राहिले नाहीत. आम्ही पॉलिटेक्निकच्या वर्गात आहोत. बाकं रिकामी आहेत, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेलं सर्किट आहे. सर टेबलापाशी उभे आहेत आणि आपल्या स्वेटरवरचे ते काळे पट्टे बघत आहेत. मग हात बघतात. नखांत माती आहे. ते एकेक नख बघतात, सावकाश, जसं ते सोल्डरचा एकेक ठिपका तपासायचे.

मला पळून जायचं आहे. बातमी मी द्यायची नव्हती. निदान त्यांना तरी नव्हती द्यायची.

"असं होय," ते म्हणतात.

मग ते रेहानाभाभींबद्दल विचारतात. मी सांगते, बहीण येऊन राहिली आहे, जेवतात, झोप मात्र नाही. ते मान हलवतात. नळाची गळती कुणी काढली का म्हणून विचारतात. मला माहीत नसतं नळाचं. मी म्हणते, बघते.

"तू होतीस का त्या वेळी?"

"नव्हते सर. मी तुमचा चेहरा पाहिला नाही. मला अजून खरंच वाटत नाही."

"मग आता बघ."

ते चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहतात. वर्गात उजेड कुठून येतो ते कळत नाही, पण निळा आहे. मी बघते. डाव्या भुवईतला पांढरा केस. हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेली जागा. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे. ओठ कोरडे. डोळे माझ्याकडे आहेत, पण डोळ्यांत मी नाही. समोर उभ्या माणसाच्या बुबुळात आपण दिसतो, लहानसे. तिथे मी नाही, वर्ग नाही, खिडकी नाही. मी जवळ जाऊन बघते. तिथे काहीच नाही.

तेव्हा मला कळतं. महिनाभर माणसं सांगत होती ते आत्ता कळतं. पायाखालची जमीन सरकणं हे मी नुसतं ऐकलं होतं. वर्गाची फरशी खरोखर एका बाजूला कलते आणि मी बाकाला धरते.

"बघितलंस?"

"होय."

"मग आता काम. अंगठा आण इकडं."

ते माझा उजवा अंगठा धरून चकतीच्या कडेखाली सरकवतात आणि दिव्यावर दाबून ठेवतात. दुखतं. मी हात मागे घेऊ बघते, ते सोडत नाहीत. चकतीची कड विझते. निळी कोर गेली. आकडा खाली येतो, येत राहतो.

"दिवा बोर्डाच्या पाठीमागं ने," ते म्हणतात. "दुरुस्त करणाऱ्याला दिसू दे. सेन्सरला नको. टिकल्या राहू देत तशाच. लिहून घेऊ नकोस, ध्यानात ठेव. दाब अजून."

मी दाबते. त्यांचा हात माझ्या हातावर आहे आणि हळूहळू त्याचं वजन कमी होतं आहे. मी वर बघत नाही. मला माहीत आहे, वर बघितलं की संपेल. मी आकड्याकडे बघत राहते आणि म्हणते, "सर, थांबा," आणि तो आवाज वर्गातला नसतो, शेडमधला असतो, माझाच, घोगरा, आणि पंखा घरघरत असतो.

मी टेबलावर आहे. गालाखालची बाही ओली झाली आहे. उजवा हात मीटरवर आहे आणि अंगठा दुधी चकतीच्या कडेखाली घुसलेला आहे, असा घट्ट की बोटाचं टोक पांढरं पडलं आहे. मीटर चालू आहे. ते मी चालू ठेवूनच झोपले होते का, मला सांगता येणार नाही. खिडकीतून उतरतं ऊन येतं आहे. आकडा आठ.

मी अंगठा काढते. कड निळी होते. आकडा वर चढतो. पुन्हा अंगठा ठेवते, आठ. काढते, वर. शेडमध्ये कुणी नाही हे मला माहीत आहे, तरी मी सरांच्या खुर्चीकडे बघते. खुर्ची रिकामी आहे.

फोन लावते. एस्तेर सिस्टर पहिल्या रिंगलाच उचलतात. मी सांगते, मीटरवर विश्वास ठेवू नका, ट्यूब कमजोर झाली की ते जास्तीचा आकडा दाखवतं. तुमच्या ट्यूबांची टोकं बघा. त्या चालत जाताना ऐकू येतात, पलीकडे कुणाचं तरी बाळ रडतं आहे. मग म्हणतात, दोन्हीकडून काळी आहेत गं. नव्या ट्यूबा कपाटात आहेत, पण मीटर ठीक म्हणतंय म्हणून डॉक्टरांनी बदलू दिल्या नाहीत. आता पुन्हा त्यांना पटवायला पाहिजे.

"मुजावर सर आहेत का तिथं?" सिस्टर विचारतात. "त्यांना फोन दे. त्यांच्या तोंडून ऐकलं की डॉक्टर ऐकतील."

मी खुर्चीकडे बघत असते.

"सर गेले, सिस्टर."

"कधी येतील?"

"वारले ते. गेल्या महिन्यात."

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलते. पलीकडे ते बाळ रडतच आहे. मग त्या हळू आवाजात प्रभूचं नाव घेतात आणि म्हणतात की ट्यूबा मी बदलून घेते, डॉक्टरांचं मी बघते, तू आधी पाणी पी आणि खाली बस. मी बसलेलीच आहे हे त्यांना कसं सांगावं मला कळत नाही. फोन ठेवते आणि मग रडू येतं. तोंडावर हात दाबून, प्रेससारखं, धडधडून. कुणी ऐकणारं नाही म्हणून हात काढते आणि तशीच रडत राहते.

नंतर उठून तोंड धुते आणि ज्या ज्या दवाखान्यांत ही खेप गेली आहे त्यांना एकेक करून फोन करत सुटते. कुणी चिडतं, कुणी आभार मानतं, एकजण म्हणतो लेखी द्या. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरतं. सिस्टरचा फोन येतो तेव्हा बाहेर दिवेलागण झालेली असते. नव्या ट्यूबा बसल्या आहेत, मुलीला कोल्हापूरला हलवायचं उद्यापर्यंत थांबवलं आहे. उद्या सकाळी रक्त तपासतील. त्यांना वाटतं, कावीळ उतरेल. मीही म्हणते, उतरेल. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी ती उतरायला लागणार असते, पण आत्ता ते आम्हा दोघींनाही माहीत नाही.

दिवा लावायला मी बटणाकडे हात नेते आणि तो तसाच अधांतरी राहतो. अंगठ्याच्या मऊ भागावर एक खड्डा आहे. बारीक, चौकोनी, चारही कोपरे रेखीव, मोहरीएवढा. मी दुसऱ्या हाताच्या बोटानं तो चाचपते. इतका वेळ झाला, फोनची इतकी बटणं दाबली, तोंड धुतलं, तरी तो भरून आलेला नाही. आणि त्याच्या शेजारी, नखाच्या कडेला, थोडीशी काळी माती आहे.